फसव्या कंपनीचे माजी ग्राहक आणि टीव्हीवरचा माहितीपट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकांना गंडवणारी कंपनी बंद पडते आणि काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, एक आवाहन दिसतं : ‘तुम्ही या कंपनीचे ग्राहक होतात का? टीव्हीवरच्या माहितीपटासाठी तुमच्याशी बोलायचं आहे.’ ते वाचल्यावर पडणारे प्रश्न बहुतेकांचे तेच असतात. खालची उत्तरं बोलावणाऱ्याच्या नव्हे, बोलणाऱ्याच्या सोयीची आहेत.

कोर्टाचे कागद, पोलिसांचा तपास असं सगळं असताना माजी ग्राहक कशाला हवेत?

गुन्हा कसा सिद्ध झाला ते कोर्टाच्या कागदांत असतं. माल कसा विकला गेला ते तिथे क्वचितच सापडतं. कोणत्या वाक्यावर माणसाने खिशात हात घातला, पहिला परतावा वेळेवर आल्यावर त्याने कुणाकुणाला सांगितलं, शंका काढल्यावर फोनवर कोणती थाप ऐकू आली, हे फक्त ग्राहकालाच ठाऊक असतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. एकाचं म्हणणं ही तक्रार असते. पण वेगवेगळ्या गावांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या दहा जणांना तेच वाक्य त्याच क्रमाने ऐकवलं गेलं असेल, तर विक्रेत्यांना ते वरून पढवलेलं होतं हे दिसतं. ‘एजंट परस्पर काहीतरी बोलला, कंपनीचा संबंध नाही’ ही ठरलेली पळवाट अशा जुळणीनेच बंद होते. म्हणून माहितीपटासाठी माहिती जमवणारे संशोधक तुम्हाला शब्द न् शब्द विचारत राहतात. ‘साधारण असं म्हणाला’ यावर त्यांचं भागत नाही.

माझी रक्कम अगदी किरकोळ होती. तरी संपर्क करू?

जरूर करा. लहान रकमेची माणसं पुढे येत नाहीत, आणि फसवणूक किती पसरली होती हे नेमकं त्यांच्यामुळेच कळतं. शिवाय काही फसवणुकींत रक्कम हा मुद्दाच नसतो. अमेरिकेतल्या थेरानोस या रक्ततपासणी कंपनीच्या ग्राहकांनी तपासणीसाठी फार मोठे पैसे मोजले नव्हते. पण २०१६ मध्ये कंपनीनेच आपल्या यंत्रावर केलेल्या तपासण्यांचे दोन वर्षांचे रिपोर्ट रद्द केले, तेव्हा त्या रिपोर्टांवर विसंबून औषधं घेतलेल्या माणसांचं काय, हा प्रश्न पैशांहून मोठा ठरला.

मला तर पैसे वेळेवर मिळाले, उलट फायदा झाला. माझा काय उपयोग?

उपयोग मोठा आहे आणि धोकाही आहे. आधी उपयोग. १९२० मध्ये बॉस्टनला चार्ल्स पाँझी ४५ दिवसांत ५० टक्के नफा देत होता आणि सुरुवातीच्या लोकांना तो खरोखर मिळत होता. नव्याच्या पैशांतून जुन्याला देणं हाच तर या प्रकाराचा गाभा. ‘मला मिळाले’ म्हणणारा माणूस नसेल तर बाकीच्यांनी विश्वास का ठेवला हे प्रेक्षकाला समजतच नाही.

आता धोका. भरल्यापेक्षा जास्त काढून घेतलेल्या ग्राहकाकडून ती वरची रक्कम परत मागितली जाऊ शकते. अमेरिकेत पाँझीसारखीच, पण कितीतरी मोठी योजना चालवणाऱ्या बर्नार्ड मेडॉफला ११ डिसेंबर २००८ रोजी अटक झाली, त्यानंतर कोर्टाने नेमलेल्या विश्वस्ताने अशा ‘नफ्यातल्या’ ग्राहकांवर दावे लावले आणि ती रक्कम बुडालेल्यांमध्ये वाटण्यासाठी गोळा केली. त्यांतल्या अनेकांना फसवणुकीची कल्पना नव्हती, तरी पैसे द्यावे लागले. तेव्हा हिशेब नफ्याचा असेल तर कॅमेऱ्यासमोर आकडा उच्चारण्याआधी वकिलाला गाठा. संशोधकाशी पहिल्या फोनवर ‘मी नफ्यात होतो’ एवढं मोघम सांगितलं तरी पुरे.

मीच नात्यातल्यांना यात ओढलं. कमिशनही घेतलं. मी फसलेला की फसवणारा?

साखळी पद्धतीच्या योजनांत बरेच जण दोन्ही असतात. माहितीपटाला अशी माणसं हवी असतात, कारण बैठकीत काय शिकवलं जायचं, कुणाला आधी फोन करायला सांगायचे, ‘नाही’ म्हणणाऱ्याला कसं वळवायचं हे त्यांना आतून माहीत असतं. पण तुमचं कमिशन, तुम्ही आणलेल्यांची संख्या आणि शंका आल्यानंतरही कुणाला आणलं का, हे प्रश्न येणारच. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर कायदेशीर सल्ल्याशिवाय मुलाखत देऊ नका. आणि कमिशनची गोष्ट लपवू नका. ती दुसऱ्या कुणाकडून कळली, की तुमची बाकीची खरी माहितीही वापरता येत नाही.

हे आवाहन खरं आहे हे कशावरून?

एकदा फसलेल्यांच्या नावांच्या आणि नंबरांच्या याद्या ठगांच्या बाजारात विकल्या जातात. ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो’ म्हणणारे दुसऱ्या फळीचे ठग याच याद्या वापरतात, आणि पत्रकार किंवा टीव्हीचा संशोधक हे सोंग त्यांना सोयीचं असतं. म्हणून उलटतपासणी तुम्ही करा :

- आलेल्या नंबरावर परत फोन करू नका. वाहिनीच्या किंवा निर्मितीसंस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर शोधून तिथे त्या माणसाबद्दल विचारा.
- ईमेलचा पत्ता संस्थेच्या नावाचा आहे का ते अक्षर न् अक्षर पाहा. एखादं अक्षर बदललेले किंवा मध्ये आडवी रेघ घातलेले पत्ते सर्रास असतात.
- माहितीपटाला वाहिनीची मंजुरी मिळाली आहे की अजून जुळवाजुळव चालू आहे, हे सरळ विचारा. जुळवाजुळव चालू असणं गैर नाही, पण मग तो पडद्यावर येईलच असं नाही. खरा संशोधक हे स्पष्ट सांगतो.
- कार्यकारी निर्मात्याचं नाव आणि संस्थेचं आधीचं काम विचारा, आणि ते स्वतंत्रपणे तपासा.

खरा संशोधक पुढच्या गोष्टी कधीच मागत नाही : नोंदणी शुल्क, ओटीपी, पासवर्ड, मोबाइल दुरून चालवणारं ॲप, क्रिप्टो वॉलेटचे १२ किंवा २४ गुप्त शब्द. यातलं एक जरी मागितलं तर फोन ठेवा.

बोलण्याचे पैसे मिळतात का? आणि बुडालेले पैसे परत मिळतील का?

दोन्हींचं उत्तर बहुधा ‘नाही’. प्रवास, जेवण, फार तर बुडालेला रोज, एवढा खर्च मिळू शकतो. मानधन देणं टाळलं जातं, कारण ‘पैसे घेऊन बोलला’ हा आरोप साक्ष मोडायला पुरतो. ब्रिटनमध्ये तर प्रसारण नियामक ऑफकॉमच्या संहितेनुसार, फौजदारी खटला चालू असताना साक्षीदाराला किंवा साक्षीसाठी बोलावला जाण्याची शक्यता असलेल्याला मोबदला देणं किंवा कबूल करणं मना आहे.

परताव्याची वाट वेगळी आहे : पोलीस तक्रार, बँक, ग्राहक न्यायालय, दिवाळखोरीतला दावा. या सगळ्यांना मुदती असतात आणि माहितीपटासाठी त्या थांबत नाहीत. दावा दाखल केला नसेल तर आधी तो करा, मग संशोधकाला फोन करा.

कोणते कागद गोळा करायचे?

खरं तर मुलाखतीपेक्षा याचंच मोल जास्त आहे. डोळ्यांत पाणी आणणारी पण कागद नसलेली हकीकत बऱ्याचदा कापली जाते. रडू न येता तारीखवार बोलणारा आणि पावती दाखवणारा माणूस टिकतो.

सुरुवात एका पानाच्या तक्त्याने करा. रकाने पाच : तारीख, भरलेली रक्कम, मिळालेली रक्कम, कुणाला आणि कशा मार्गाने, त्या वेळी काय सांगितलं गेलं. खाली एकच निव्वळ आकडा काढा, म्हणजे एकूण भरले वजा एकूण मिळाले. कंपनीच्या ॲपवर दिसणारी ‘शिल्लक’ या हिशेबात धरू नका. मेडॉफच्या ग्राहकांच्या खात्यांवर मिळून सुमारे ६५ अब्ज डॉलर दिसत होते आणि प्रत्यक्ष गेलेली मुद्दल त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होती. फुगलेला आकडा तुम्ही सांगितला आणि तो खोटा ठरला, तर गोत्यात तुम्हीच याल.

मग तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला एक पुरावा जोडा : बँक स्टेटमेंट, पावती, करारपत्र, माहितीपुस्तिका, ईमेल, संदेश, बैठकीचं आमंत्रण, फोटो, कॉलची नोंद. इथे नेहमी होणाऱ्या चुका अशा :

स्क्रीनशॉट काढून मूळ संदेश पुसून टाकतात. स्क्रीनशॉट कुणीही बनवू शकतो, त्यामुळे मूळ संदेश फोनमध्ये राहायलाच हवा. व्हॉट्सॲपवर संभाषण एक्सपोर्ट करण्याची सोय आहे, ती वापरा आणि जुना फोन विकू नका.

फोटो आणि व्हिडिओ चॅटवर नेहमीसारखे पाठवतात. त्यात फाइल दाबली जाते आणि कधी, कशावर काढली ही आतली नोंद निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर मूळ फाइल द्या.

मूळ कागदावर पेनाने खुणा करतात, छिद्रं पाडतात, लॅमिनेशन करतात. तसं करू नका. खुणा झेरॉक्सवर करा. मूळ कागद कुणालाही देऊ नका. चित्रीकरणासाठी न्यायचाच असेल तर समोर बसून चित्रित करून लगेच परत घ्या.

कंपनीचं संकेतस्थळ अजून चालू असेल तर पानं वेबॅक मशीनवर, म्हणजे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या सेवेवर, जतन करा, आजच. कॅमेरे येतायत अशी कुणकुण लागली की सगळ्यात आधी ‘हमखास परतावा’ असे शब्द असलेली पानं गायब होतात.

कागद देताना काय झाकायचं?

खाते क्रमांक, ओळखपत्रांचे क्रमांक, पत्ता, सही आणि इतरांची नावं. पण झाकण्याची पद्धत चुकते. पीडीएफवर काळी पट्टी ठेवली तरी खालचा मजकूर बऱ्याचदा तसाच असतो. निवडून कॉपी केला की वाचता येतो. फोनमधल्या हायलायटरचा काळा रंग अर्धपारदर्शक असतो, उजेड वाढवला की आकडे दिसतात. खात्रीचा उपाय जुनाच आहे : छापा, काळ्या मार्करने खोडा, त्याची झेरॉक्स काढा आणि ती स्कॅन करा. खोडलेला कागद थेट स्कॅन केला तर शाईखालची अक्षरं कधीकधी चमकतात, म्हणून मध्ये झेरॉक्स.

ग्रुपमधली संभाषणं देताना इतर सभासदांचे नंबरही जातात हे लक्षात ठेवा.

माझ्याकडे कागदच उरले नाहीत.

पूर्ण रिकामे हात फार थोड्यांचे असतात. बँका बरीच वर्षं व्यवहार जपतात, शाखेत लेखी अर्ज करा. ईमेलमध्ये कंपनीच्या नावाऐवजी ‘स्वागत’, ‘हप्ता’, ‘मॅच्युरिटी’, एजंटचं आडनाव असं शोधून पाहा; स्पॅम आणि संग्रहित विभागही उघडा. रोख दिले असतील तर त्या सुमारास खात्यातून काढलेली रक्कम, मोडलेली ठेव किंवा गहाण ठेवलेल्या दागिन्यांची पावती आधाराला येते. तेही नसेल तर सोबत बसलेला माणूस.

कंपनी परदेशातली होती. इथल्या ग्राहकाला कोण विचारणार?

सीमा ओलांडणाऱ्या फसवणुकीत इथला ग्राहकच हवा असतो. २०१४ मध्ये सुरू झालेलं वनकॉइन हे बनावट क्रिप्टो चलन अनेक देशांत विकलं गेलं, त्याची प्रमुख रुजा इग्नातोव्हा २०१७ मध्ये नाहीशी झाली आणि २०२२ मध्ये एफबीआयच्या दहा मोस्ट वाँटेड फरारींच्या यादीत तिचं नाव आलं. अशा प्रकरणात कोणत्या देशात कोणत्या भाषेत काय सांगितलं गेलं हे स्थानिक माणसाशिवाय कळत नाही.

खटला चालू आहे आणि मी साक्षीदार आहे. बोलू शकतो का?

आधी तुमच्या वकिलाला आणि तपास अधिकाऱ्याला विचारा, आणि तसं विचारलंय हे संशोधकालाही सांगा. अडचण दोन ठिकाणी येते. खटल्यावर परिणाम होईल असं प्रसारण अनेक देशांत कोर्टाचा अवमान ठरू शकतं. आणि तुमचं कॅमेऱ्यासमोरचं बोलणं जबाबाशी ताडून पाहिलं जातं. जबाबात ‘मार्च’ आणि मुलाखतीत ‘उन्हाळ्याच्या शेवटी’ असं आलं, की समोरचा वकील तेवढ्यावरच तास घालवतो. न दाखवलेलं चित्रीकरणही कोर्ट मागवू शकतं. ‘हे ऑफ द रेकॉर्ड’ म्हटल्याने ते पुसलं जात नाही.

कंपनीने थोडे पैसे देऊन समझोत्यावर सही घेतली होती.

मग त्यात गुप्ततेचं कलम आहे का ते पाहा. काही कलमांत समझोता झाला हेसुद्धा उघड करायला मनाई असते, त्यामुळे कागद संशोधकाला पाठवणं हाच भंग ठरू शकतो. आधी वकील. पोलिसांकडे गुन्ह्याची तक्रार करण्यापासून असं कलम साधारणपणे अडवू शकत नाही. टीव्हीवर बोलण्याबाबत ती मुभा गृहीत धरू नका.

मी त्यांना ‘चोर’ म्हणालो तर बदनामीचा दावा होईल का?

होऊ शकतो, आणि तो शब्द तसाही कापला जाईल. पाहिलेलं, ऐकलेलं आणि भरलेलं एवढंच बोला : ‘अमुक तारखेला त्यांनी सांगितलं की मुद्दल सुरक्षित आहे. मी पैसे भरले. दोन महिन्यांनी कार्यालयाला कुलूप होतं.’ यातून प्रेक्षक जे समजायचं ते समजतो. त्यांच्या मनात काय होतं, पैसे कुठे गेले, आणखी कोण सामील होतं, याचा अंदाज बांधू नका.

निकाल लागला असला तरी तो काय म्हणतो तेवढंच म्हणता येतं. थेरानोसची संस्थापक एलिझाबेथ होम्स हिला जानेवारी २०२२ मध्ये ज्युरीने गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरवलं, रुग्णांच्या फसवणुकीच्या आरोपांतून मात्र ती सुटली. ‘रुग्णांना फसवल्याबद्दल शिक्षा झाली’ असं वाक्य तिथे साफ चुकीचं ठरतं, मग तसं वाटणाऱ्या रुग्णाचा अनुभव कितीही खरा असो.

नाव आणि चेहरा गुप्त ठेवता येतो का?

येतो, पण ‘चेहरा ब्लर करू’ एवढ्यावर समाधान मानू नका. ब्लर नंतर एडिटिंगमध्ये होतो, मूळ चित्रीकरणात तुमचा चेहरा स्वच्छ असतो आणि ती फाइल कित्येकांच्या हातांतून जाते. चित्रीकरणाच्या वेळीच चेहरा येणार नाही असं करणं जास्त सुरक्षित : मागून प्रकाश, चेहऱ्यावर अंधार, किंवा फक्त हात आणि पाठ. त्यातही कानांचा आकार, चष्मा, केसांची ठेवण आणि बसण्याची ढब ओळखीच्यांना पुरते. अंगठी, घड्याळ, गोंदण काढा किंवा झाका. स्वतःच्या घरात चित्रीकरण नको. खिडकीतून दिसणारी इमारतही पत्ता सांगते.

आवाजाचं तर विशेष. आवाज जाड-बारीक करण्याची नेहमीची युक्ती बऱ्याचदा उलटी फिरवून मूळ आवाजाजवळ आणता येते. धोका खरा असेल तर तुमचे शब्द दुसऱ्या कलाकाराच्या आवाजात घ्या, असा आग्रह धरा. आणि सगळं झाकूनही तपशील उघडे पाडतात. ‘शाळेत शिक्षिका, दोन जुळी मुलं, अमुक रक्कम’ एवढ्यावर कंपनीची ग्राहकयादी चाळली की नाव सापडतं. कोणते तपशील बदलायचे किंवा गाळायचे याची यादी आधी लेखी ठरवा.

संमतीपत्रात काय पाहायचं?

ते दोन दिवस आधी मागा. कॅमेरा लावून झाल्यावर, चहा घेता घेता पुढे केलेला कागद वाचला जात नाही.

‘जगभर, सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ असे शब्द जवळपास प्रत्येक नमुन्यात असतात आणि ते सहसा काढले जात नाहीत. संकलनाचा अधिकारही निर्मात्याकडेच राहतो. अंतिम रूप मान्य करण्याचा हक्क ग्राहकाला मिळत नाही आणि तो मागण्यात फार वेळ घालवू नये. ज्या गोष्टी मागितल्यावर मिळतात त्या मागा : गुप्ततेची पद्धत शब्दांत लिहिलेली असावी, जाहिरातीत तुमचा तुकडा वापरणार का ते स्पष्ट असावं, हे चित्रीकरण दुसऱ्या कार्यक्रमाला विकायचं तर आधी कळवावं, मुलांचे चेहरे दिसू नयेत, तुमच्याबद्दलची वस्तुस्थिती प्रसारणापूर्वी तुम्हाला वाचून दाखवावी, प्रसारणाची तारीख आठवडाभर आधी कळावी. तोंडी आश्वासन देणारा संशोधक चित्रीकरण संपेपर्यंत दुसऱ्या कामावर गेलेला असतो. त्यात लबाडी नसते, या धंद्यातली नेमणूकच तशी असते. म्हणून सगळं ईमेलवर.

नंतर मन बदललं तर?

चित्रीकरणापूर्वी केव्हाही नाही म्हणा, कारण देण्याची गरज नाही. सही आणि चित्रीकरण झाल्यावर हक्क म्हणून माघार घेणं कठीण. तरी धमकी आली, तब्येत बिघडली, खटल्याची स्थिती बदलली तर लगेच लेखी कळवा. संकलन चालू असेपर्यंत बदल शक्य असतो.

मुलाखतीच्या दिवशी काय होतं?

दोन-तीन तास बोलणं होतं आणि पडद्यावर दोन-चार मिनिटं येतात. प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज बहुधा कापला जातो, म्हणून उत्तरात प्रश्न गुंफून बोला : ‘हो, तेव्हाच’ ऐवजी ‘मला पहिली शंका आली ती हप्ता चुकला तेव्हा’. बारीक रेघांचे कपडे नकोत, पडद्यावर ते लवलवतात. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. तक्ता समोर ठेवायला हरकत नाही.

मी बोललो हे कंपनीला कळेल का?

जबाबदार निर्माता प्रसारणापूर्वी आरोप कंपनीपुढे ठेवतो आणि उत्तरासाठी मुदत देतो. त्या पत्रात गुप्त ग्राहकाचं नाव नसतं, पण घटनेचा तपशील असतो. पत्र केव्हा जाणार आणि त्यात तुमच्याबद्दल काय असेल, हे आधी विचारून ठेवा. त्यानंतर जुन्या एजंटचा अचानक गोड फोन येऊ शकतो. बोलू नका, फोनची वेळ नोंदवा आणि संशोधकाला कळवा.

प्रसारणानंतर कशाची तयारी ठेवायची?

‘लोभ नडला’ असं लिहिणारे असतातच. त्यांना उत्तर देऊ नका. घरच्यांना, आणि तुमच्यामुळे पैसे भरलेल्यांना, आकडा टीव्हीवर ऐकण्याआधी तुमच्या तोंडून ऐकू द्या. सोशल मीडियावरचं खातं काही काळ खाजगी करा. त्याच कंपनीने फसवलेले अनोळखी लोक संपर्क करतील. त्यांना निर्मितीसंस्थेचा पत्ता द्या, स्वतःचा नंबर नको. आणि ‘कार्यक्रम पाहिला, तुमचे पैसे काढून देतो’ हा फोनही येईलच.

पहिल्या ईमेलमध्ये काय लिहू?

दहा ओळी पुरतात. ग्राहक कधीपासून कधीपर्यंत होता, कुठल्या शहरात, काय विकत घेतलं किंवा कशात गुंतवलं, कुणामार्फत, निव्वळ किती गेले, कोणते कागद आहेत, तक्रार केली असल्यास कुठे, खटला किंवा समझोता आहे का, नाव उघड करायला तयार आहात की नाही आणि फोन कधी केलेला चालेल. कागद जोडू नका, फक्त त्यांची यादी द्या. धोका वाटत असेल तर नोकरीच्या ठिकाणचा ईमेल, कंपनीत नोंदवलेला ईमेल आणि घरातला सामायिक संगणक टाळून नव्या पत्त्यावरून लिहा.